लाहोरची गानशाळा आणि तिचे उपदेशक : पं. विष्णु दिगंबर पलुसकर

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या घरी गेले असता कोपऱ्यात खोळ घातलेली एखादी बाजाची पेटी हटकून दृष्टीस पडते, असा माझा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या बदल्यांमधला अनुभव आहे. चौकशी केली असता ती पेटी मुलीच्या किंवा मुलाच्या परीक्षेसाठी घेतली असल्याचे समजते. ही परीक्षा म्हणजे गांधर्व महाविद्यालय मंडळाची, हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्यांची नावे आपल्या घराघरांतून इयत्तांच्या नावांइतक्याच सहजतेने घेतली जातात. परंतु या पायऱ्या ज्या गृहस्थाच्या कष्टांतून निर्माण झाल्या, तो आपल्यासारखाच पोटापाण्यासाठी म्हणा, ध्येयासाठी म्हणा, मुलूख सोडून दूर गेलेला मराठी माणूस होता. आणि त्याने आपले पहिले विद्यालय पुण्यात किंवा मुंबईत न काढता थेट लाहोरला काढले, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या ध्यानात नसते. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे चरित्रच सांगावे असे मनात आले. याला एक खाजगी कारणही आहे.

मी चौथीत असताना आमच्या गावच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस एक तरुण गायन शिकवावयास येत असे. तो स्वतः त्या वेळी एका संगीत विद्यालयात विशारदचा अभ्यास करीत होता. डोक्यावर पेटी घेऊन शिपाई पुढे आणि हा मागे, अशी ती मिरवणूक वर्गात येई. साठ पोरांच्या गलक्यात तो तासभर सरगम म्हणवून घेई व हातावर टाळी-खाली दाखवून तीनताल मोजावयास लावी. माझ्या गळ्याची परीक्षा त्याने पहिल्याच दिवशी केली व मोठ्या सौजन्याने मला कायमचे टाळी धरण्याचे काम दिले. मी पुढे गायक झालो नाही. पण मैफलीत बसल्यावर समेची जागा आजही चुकत नाही, ही त्या तरुणाची कृपा. स्वतः अर्धे शिकलेल्याने लहानांस शिकवावे ही पद्धत त्या शाळेने शोधून काढली असेल असे मला वाटे. तिचे मूळ किती मागे आहे ते बरेच पुढे कळले.

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमापाशी नरसोबाची वाडी आहे आणि तिच्या शेजारी कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या जहागिरीतील लहानसे संस्थान. तेथे 18 ऑगस्ट 1872 रोजी विष्णूचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते, त्यामुळे टाळ-मृदंग आणि अभंग-पदे यांचे संस्कार घरातच होते. मूळचे आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर झाले. मुलाने इंग्रजी शिकावे आणि चार लोकांसारखी नोकरी करावी, एवढीच त्या काळच्या मध्यमस्थितीतील घराची अपेक्षा असे. ती एका क्षणात संपली. दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा स्फोट मुलाच्या चेहऱ्याजवळ झाला आणि डोळ्यांस गंभीर इजा झाली. औषधोपचारासाठी त्याला मिरजेस नेण्यात आले. दृष्टी थोडीफार वाचली, परंतु पुस्तकी शिक्षण पुढे चालवता येईल इतकी ती राहिली नाही. मुलाचा आवाज गोड आहे, त्याला गाणे शिकवा, असा सल्ला तेथे मिळाला. मिरजेच्या अधिपतींनी आश्रय दिला आणि विष्णु पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी शिकू लागला.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे पुरुष. नत्थन पीरबक्ष यांच्या घराण्यातील हद्दू खाँ व हस्सू खाँ यांची विद्या वासुदेवबुवा जोशी यांना मिळाली होती. तीच बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरीस राहून, सेवा करून मिळवली होती. शिष्याकडूनही त्यांची तीच अपेक्षा असे. घरची कामे करावीत, गुरूच्या मर्जीची वाट पाहावी, आणि जे मिळेल ते कंठात साठवावे. लिहून घेण्याची सोय नाही, क्रम नाही, अमुक वर्षांत अमुक येईल अशी हमी नाही. विष्णूने अशी सुमारे नऊ वर्षे काढली. एवढ्या कठोर शिस्तीत तयार झालेल्या माणसाने पुढे नेमकी हीच पद्धत मोडून वर्ग, वेळापत्रक, पुस्तक आणि परीक्षा आणली, आणि तरीही आपल्या पट्टशिष्यांसाठी मुदत मात्र नऊ वर्षांचीच ठेवली, याची मला नेहमी गंमत वाटते.

मिरजेतील एका प्रसंगाने त्यांचे आयुष्य वळले असे सांगतात. गावात एक समारंभ होता. संस्थानिकांच्या मर्जीतील म्हणून विष्णूला आमंत्रण आले. बाळकृष्णबुवांना आले नाही. चौकशी केली तेव्हा, ते काय, गवईच, असा भाव उत्तरात आढळला. ज्याच्या पायाशी बसून विद्या घ्यावयाची त्याला प्रतिष्ठितांच्या पंक्तीत जागा नाही, हे तरुण विष्णूला फार लागले. त्या काळी गवई हा दरबाराच्या नोकरांपैकी एक मानला जाई आणि गाणे शिकणे हे कुलीन घरातील मुलास, त्यातही मुलीस, शोभणारे नव्हे अशी समजूत होती. गाण्यावर सारे लुब्ध होते, पण गाणाऱ्याला घरात घ्यावयास कुणी तयार नव्हते.

1896 साली त्यांनी मिरज सोडली. वय चोवीस, डोळे अधू, हाताशी पैसा नाही. सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा त्यांचा प्रवास झाला. संस्थानिकांकडून बिदागी मिळत होती. मनात आणते तर कुठल्याही दरबारी गवई म्हणून त्यांना सुखाने राहता आले असते. परंतु सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. राजाच्या मेहेरबानीऐवजी चार आण्यांचे, आठ आण्यांचे तिकीट काढणाऱ्या सामान्य माणसावर गवयाने विसंबावे, हा विचार त्या वेळी अनेकांना हास्यास्पद वाटला असेल. मथुरेत राहून त्यांनी ब्रजभाषा समजून घेतली, धृपदांचा संग्रह केला. उत्तर हिंदुस्थानात काम करावयाचे तर तेथली भाषा आली पाहिजे हे त्यांनी ओळखले होते. आपल्यापैकी कित्येकांनी दहा-दहा वर्षे एका गावी काढून भाजीवाल्याशी बोलण्यापुरतीच तेथली भाषा शिकलेली असते (मीही त्यांतलाच), म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

असे फिरत फिरत ते पंजाबात आले आणि 5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. संगीत शिकवणाऱ्या संस्था त्यापूर्वी नव्हत्या असे नाही. पुण्यात गायन समाज 1874 पासून होता. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा 1886 पासून चालू होती. परंतु दरबाराचा आधार न घेता, वर्गणी, फी व जलशांचे उत्पन्न यांवर, एका गवयाने स्वतःच्या हिमतीवर चालवलेले आणि पुढे देशभर शाखा काढण्याचे बेत करणारे विद्यालय ही नवीच गोष्ट होती. लाहोर त्या वेळी सुधारणांच्या चळवळींनी गजबजलेले शहर होते. नव्या शाळा-महाविद्यालये निघत होती, मुलींच्या शिक्षणाचा विचार होत होता, सभा-व्याख्याने होत होती. तरीही पहिले काही दिवस विद्यालयाकडे कुणी फिरकले नाही. पंडितजी ठरल्या वेळी येत, तंबोरा जुळवीत आणि रिकाम्या खोलीत स्वतःच गात बसत. नंतर हळूहळू माणसे येऊ लागली. नोकरदार आले, वकील आले, त्यांची मुले आली. स्त्रियांसाठी स्वतंत्र वर्ग निघाला.

आता उपदेशक वर्गाविषयी. माझ्या मते पंडितजींच्या साऱ्या कार्याचे मर्म येथे आहे. फी भरून संध्याकाळी तास-दोन तास शिकणारे विद्यार्थी निराळे आणि उपदेशक वर्गाचे निराळे. उपदेशक वर्गातील मुलाच्या पालकांनी नऊ वर्षांचा करार लिहून द्यावयाचा. विद्यालयाने त्याच्या राहण्याचा, जेवणाचा व शिक्षणाचा भार उचलावयाचा. ही मुले बहुतेक गरीब घरची, आणि कितीतरी दक्षिण महाराष्ट्रातील. दहा-अकरा वर्षांचा मुलगा मिरज-कोल्हापूरकडून आगगाडीत बसून लाहोरला जाणार, आई पुन्हा केव्हा दिसेल ते ठाऊक नाही, आजूबाजूला पंजाबी बोली, हिवाळ्यात हाडे गोठवणारी थंडी. विनायकराव पटवर्धन असेच लहानपणी मिरजेहून लाहोरला गेले. पहाटे उठणे, रियाज, प्रार्थना, वाटून दिलेली कामे, पुन्हा रियाज. शिस्त इतकी कडक, की काहींना ती सोसली नाही आणि ते मुदतीपूर्वीच निघून गेले. पंडितजींचा स्वभाव एकतंत्री होता हेही मान्य केले पाहिजे.

या मुलांनी नुसते गायचे नव्हते. नावाप्रमाणे त्यांनी उपदेशक, म्हणजे शिक्षक आणि प्रचारक, व्हावयाचे होते. थोडे पुढे गेलेल्यांनी खालच्या वर्गांना शिकवावयाचे, आणि तयार झाल्यावर गावोगावी जाऊन शाळांतून, आश्रमांतून, नव्या विद्यालयांतून गाणे न्यावयाचे. ओंकारनाथ ठाकूर हे गुजरातेतील गरीब घरचे मूल. लहानपणी ते पंडितजींकडे मुंबईस आले आणि जेमतेम विशीत असताना लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य म्हणून त्यांची रवानगी झाली. आज एवढ्या वयाच्या मुलाला आपण एकट्याने परगावी पाठवताना दहा वेळा विचार करतो. पंडितजींनी विद्यालय हवाली केले.

शिकवण्याची पद्धतही त्यामुळे बदलावी लागली. गुरूसमोर एकच शिष्य असेल तर पुस्तकाची गरज नाही; पण समोर तीस-चाळीस मुले आणि शिकवणारा स्वतः विशीतला, अशी स्थिती असेल तर आज काय, उद्या काय हे ठरलेले असावे लागते. म्हणून पंडितजींनी क्रमिक पुस्तके रचली. लहानांसाठी संगीत बालबोध व संगीत बालप्रकाश, पुढच्यांसाठी रागप्रवेशाचे भाग, स्त्रियांसाठी महिला संगीत. अशी पन्नासच्या आसपास पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. छापखाना स्वतःचा घातला, संगीतामृत प्रवाह हे मासिक काढले. स्वर व लय कागदावर उतरवण्यासाठी स्वतंत्र लिपी तयार केली. तीत मात्रेच्या अर्ध्या, पाव अशा प्रत्येक भागाला निराळी खूण असे. ती काटेकोर होती, पण मुलांना जडच जाई. पंडित भातखंडे यांची लिपी त्या मानाने सुटसुटीत, आणि व्यवहारात तीच अधिक रूढ झाली. ज्यांचे डोळे वाचण्याच्या कामी येत नव्हते त्यांनी वाचून शिकण्याचे साधन तयार करण्यात इतकी वर्षे घालवावीत, याला काय म्हणावे ते मला सुचत नाही.

शाळेत आणि सभ्य घरात गाणे न्यावयाचे तर त्यातील शब्दांची अडचण होती. जुन्या चिजांतून शृंगार ओतप्रोत. सासू-नणंदेच्या पहाऱ्यातून प्रियकराकडे जाऊ पाहणाऱ्या नायिकेचे बोल दहा वर्षांच्या मुलीने शाळेत म्हणावेत हे कोणत्या पालकास रुचणार? पंडितजींनी पुष्कळ ठिकाणी राग व बांधणी ठेवून शब्द बदलले, भक्तिपर पदे घातली. यावर त्या काळी टीका झाली, अलीकडच्या अभ्यासकांनीही केली आहे. शब्द बदलताना चिजेतला रस गेला, आणि संगीताला देवघराचे रूप देताना ज्या मुसलमान उस्तादांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांना नव्या व्यवस्थेत मानाची जागा उरली नाही, असा या टीकेचा आशय आहे. मला यात तथ्य दिसते. ग्वाल्हेरच्या खाँसाहेबांचे देणे या विद्यालयाच्या प्रत्येक बंदिशीत होते. पण त्याचबरोबर, शब्द बदलले नसते तर आमच्या आजीच्या पिढीतील किती मुलींना घरातून पेटीला हात लावू दिला असता, हाही प्रश्न मनात येतोच. दोन्ही बाजू ऐकून निकाल देण्याची सवय असूनही येथे मला निकाल देता येत नाही.

1908 साली मुंबईत शाखा निघाली आणि पंडितजींचे मुख्य ठाणे तेथे आले. विद्यालय वाढले. वाद्ये तयार करण्याचा व दुरुस्तीचा कारखाना निघाला, पदवीदान समारंभ होऊ लागले, संगीत परिषदा भरल्या. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतून पंडितजींचा धीरगंभीर आवाजातील वंदे मातरम् लोकांच्या परिचयाचा झाला. विद्यालयाला स्वतःची वास्तू हवी म्हणून सँडहर्स्ट रोडवर इमारत उभी राहिली, आणि तीच शेवटी घातक ठरली. इमारतीसाठी कर्ज काढले होते. ते फेडण्यासाठी पंडितजी शिष्यांचा मेळा घेऊन गावोगाव जलसे करीत हिंडत. उत्पन्न येई ते खर्चात आणि व्याजात जाई. हिशेब ठेवणे हा त्यांचा गुण नव्हता. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला त्या जमाखर्चाचा विचार करतानाच धडकी भरते. अखेर 1923-24 च्या सुमारास सावकारांनी इमारत लिलावात काढली. पंचवीस वर्षांच्या श्रमांचे दृश्य फळ हातचे गेले.

त्या आधीच त्यांचे मन वैराग्याकडे वळू लागले होते. नाशकास पंचवटीत त्यांनी राम-नाम-आधार आश्रम काढला, भगवी वस्त्रे धारण केली, तुलसीरामायणावर प्रवचने करू लागले. दृष्टी जवळजवळ गेली होती. घरच्या दुःखांनाही सीमा नव्हती. एकामागून एक अपत्ये अल्पवयात दगावली आणि 1921 साली जन्मलेला दत्तात्रेय हा एकच मुलगा जगला. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत, जेथे विद्या घेतली त्याच गावी, त्यांनी देह ठेवला. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला वडिलांच्या शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी, शिकवले. तो पुढे द. वि. पलुसकर म्हणून विख्यात झाला आणि 1955 साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तोही गेला.

इमारत गेली, पण उपदेशक ठिकठिकाणी पोचलेले होते. गांधीजींनी आपल्या आश्रमासाठी संगीतशिक्षक मागितला तेव्हा पंडितजींनी नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवले. खरेशास्त्रींनी साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेला सूर दिला, आश्रमभजनावली सिद्ध केली, अहमदाबादेत संगीताचे वर्ग चालवले. 1930 च्या दांडीयात्रेत ते तंबोरा घेऊन चालत होते. विष्णु अण्णाजी कशाळकर अलाहाबादेस गेले आणि 1926 साली निघालेल्या प्रयाग संगीत समितीच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. बा. र. देवधर यांनी मुंबईत शाळा काढली. लहानगा कुमार गंधर्व तेथेच घडला. विनायकरावांनी रंगभूमी सोडून 1932 साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले, आणि त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 साली दिल्लीत. ओंकारनाथ 1950 साली काशी हिंदु विश्वविद्यालयात संगीताची शाखा उभारावयास गेले. यांतील कितीतरी मंडळी घर सोडून परप्रांतात स्थायिक झाली आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना सा लावावयास शिकवीत राहिली. नावे झाली ती थोड्यांची. एखाद्या जिल्ह्याच्या गावी शाळेत गायनमास्तर म्हणून तुटपुंज्या पगारावर राहिलेले, पेटीवर बोटे फिरवताना म्हातारे झालेले, असे बाकीचे कोण व किती, त्यांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत.

पंडितजींच्या निधनानंतर त्याच वर्षी, 1931 साली, शिष्यांनी अहमदाबादेस एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. आपल्या घरांतून ज्या परीक्षांची प्रमाणपत्रे भिंतीवर टांगलेली असतात त्या या मंडळाच्या. 1947 साली फाळणी झाली आणि ज्या शहरात हे सारे सुरू झाले त्या लाहोरशी असलेला धागा तुटला. 1973 साली भारत सरकारने पंडितजींचे टपाल तिकीट काढले. माझ्या वडिलांनी ते एका पाकिटावरून सोडवून वहीत चिकटवले होते. मला टाळी धरावयास लावणाऱ्या त्या तरुणाला ते एकदा दाखवले तेव्हा त्याने उभे राहून नमस्कार केल्याचे आठवते. तेव्हा मला त्याचे हसू आले होते.

आपल्या मंडळाच्या सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी बालसंगीताचा वर्ग भरतो, तो चालवणारी मुलगी अजून स्वतः संगीत महाविद्यालयात शिकत आहे. वर्गातील निम्मी मुले मराठी नाहीत. शेजारच्या शाळेतील मुलेही येऊन बसतात. गेल्या हिवाळ्यात मी कार्यकारिणीच्या सभेसाठी थोडा लवकर पोचलो, तेव्हा भूप चालू होता. मागच्या रांगेतील एक मुलगा सर्वांच्या वर बेसूर ओरडत होता. ती मुलगी गाणे न थांबवता त्याच्यापाशी गेली, त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याला टाळी मोजावयास लावले. सभा सुरू होण्यास दहा मिनिटे होती. मी बूट काढून मागच्या सतरंजीवर त्याच्या शेजारी जाऊन बसलो.